कारागृहाच्या औषधभांडारात बनावट औषध शिरू नये म्हणून

बाहेरच्या माणसाला गोळी लागू पडली नाही, तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, औषधवाल्याशी वाद घालतो, निदान शेजाऱ्याला तरी सांगतो. कारागृहातल्या बंद्याला यांतले काहीच करता येत नाही. तळहातावर ठेवलेली गोळी शिपायाच्या देखत गिळायची, आणि ताप उतरला नाही तर ‘नाटक करतो’ हा शेरा ऐकायचा, एवढेच त्याच्या हाती असते. त्यामुळे बनावट औषध कारागृहात शिरले, तर ते इतर कोठल्याही दवाखान्यापेक्षा अधिक काळ कोणाच्या लक्षात न येता राहू शकते. रत्नागिरीचे विशेष कारागृह, सावंतवाडीचे कारागृह, अलिबागच्या हिराकोट किल्ल्यातले जिल्हा कारागृह अशा कोकणातल्या कारागृहांमध्ये, तसेच त्यांना औषधे पुरवणाऱ्या रुग्णालयांमध्ये काम करणारे औषध निर्माण अधिकारी, वैद्यकीय अधिकारी आणि तुरुंगाधिकारी यांच्यासाठी हे टिपण आहे. मी स्वतः कोकणातल्या सरकारी औषधभांडारात बरीच वर्षे काढली असून पुढे दिलेल्या सूचनांपैकी काही मला चुका करूनच कळल्या.

सगळ्या सूचनांचा गाभा एकच आहे. कारखान्यातून निघालेल्या औषधाचा बॅच क्रमांक, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या मालाला दिलेला ओळख क्रमांक, बंद्याच्या तळहातापर्यंत कोठेही सुटता कामा नये. बिल, साठा नोंदवही, कपाट, वाटपाची वही आणि रुग्णाचा कागद या सर्व ठिकाणी तोच क्रमांक सापडला पाहिजे. जेथे तो सापडत नाही, तेथूनच बनावट माल आत येतो आणि तेथेच त्याचा माग संपतो.

आधी शब्द नीट वापरावेत

औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४० याच्या कलम १७ ब मध्ये बनावट औषधाची व्याख्या आहे. दुसऱ्या औषधाच्या नावाने बनवलेले, दुसऱ्या औषधाची फसवी नक्कल असलेले, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे नाव लावलेले, मूळ औषधाच्या जागी पूर्णतः किंवा अंशतः दुसराच पदार्थ घातलेले, किंवा ज्या कंपनीने बनवलेले नाही तिचे म्हणून खपवलेले औषध हे कायद्याच्या दृष्टीने बनावट ठरते. खऱ्या कंपनीचे, पण कस कमी भरलेले औषध ‘अप्रमाणित’ असते. खरे व चांगले औषध आपल्याच भांडारात सर्द होऊन बिघडले, तर तो तिसराच प्रकार. कोकणात या तिसऱ्या प्रकाराची सबब पहिल्या दोघांना सर्रास आडोसा देते. गोळी भुकटीसारखी सुटली, रंग फिका पडला, कॅप्सूल चिकट झाली, की भांडारातला प्रत्येक जण ‘पावसाळा आहे, सर्द झाली असेल’ असे म्हणून मोकळा होतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे हे उत्तर नेहमीच पटण्यासारखे असते आणि म्हणूनच ते धोक्याचे असते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत नोंदवहीत ‘बनावट’ असेही लिहू नये आणि ‘सर्द’ असेही लिहू नये. ‘संशयित’ एवढेच लिहावे.

सरकारी मार्गाने आले म्हणजे औषध चांगलेच, हा समजही सोडून द्यावा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंतचे दोष उघड केले. अलीकडे, २०२४ मध्ये, नागपूरच्या पोलीस तपासात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांमध्ये औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे समोर आले. त्या गोळ्या चोरवाटेने आलेल्या नव्हत्या, पुरवठ्याच्या रीतसर मार्गानेच आल्या होत्या.

आगोट भरताना

कारागृहात औषधे साधारणतः चार वाटांनी येतात. जिल्हा रुग्णालयाकडे मागणीपत्र पाठवून मिळणारी, राज्याच्या मध्यवर्ती खरेदीतून येणारी, क्षयरोग व एचआयव्ही यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतून येणारी आणि ऐनवेळी स्थानिक बाजारातून विकत घेतलेली. पहिल्या तीन वाटांवर निदान कागद तरी पुष्कळ असतात. चौथी वाट सर्वांत कच्ची, कारण तिच्यावर माणूस घाईत असतो. जुलैत घाटात दरड कोसळली आहे, कोल्हापूरहून येणारी गाडी अडकली आहे, उच्च रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवस पुरतील एवढ्याच उरल्या आहेत, आणि अशा वेळी कोणीतरी ओळखीचा माणूस निम्म्या दरात माल आणून देतो म्हणतो. आपण त्या माणसाचे आभार मानतो, परवाना विचारत नाही.

यावर उपाय कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत घरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यात लागणाऱ्या साठ्याची, बेगमी होते, तशी ती औषधभांडारातही झाली पाहिजे. हिशेब साधा असतो. कारागृहात रक्तदाबाचे साठ रुग्ण असतील आणि प्रत्येकाला रोज एक गोळी लागत असेल, तर पावसाळ्याच्या एकशे वीस दिवसांना ७,२०० गोळ्या, म्हणजे दहाच्या ७२० पट्ट्या लागतात. नव्याने दाखल होणारे बंदी धरून त्यावर थोडी भर घालावी आणि मागणीपत्र मार्चमध्येच पाठवावे. गणपतीच्या आठवड्याचा हिशेब वेगळा करावा, कारण त्या दिवसांत पुरवठादाराचा माणूस गावी असतो, आपला माणूसही रजेवर असतो आणि जो हाती सापडेल त्याच्याकडून माल घेतला जातो. तुटवडा नसेल तर चौथ्या वाटेने जावेच लागत नाही. बनावट औषधाविरुद्धची सर्वांत स्वस्त उपाययोजना मला तरी हीच वाटते.

तरीही स्थानिक खरेदी करावी लागलीच, तर ती कोणाकडून करायची हे पावसाळ्याआधीच ठरलेले असावे. घाऊक विक्रेत्याकडे नमुना २० ब आणि २१ ब मधील परवाने, तर किरकोळ विक्रेत्याकडे नमुना २० आणि २१ मधील परवाने असतात. त्यांच्या प्रती घेऊन ते चालू आहेत की नाहीत, हे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडून लेखी पडताळून घ्यावे. परवान्यावरच्या पत्त्यावर एकदा स्वतः जाऊन यावे. तेथे गोदाम आहे की नुसतीच पाटी, हे पाच मिनिटांत कळते. खरेदी आदेशात असे स्पष्ट लिहावे की बिलावर प्रत्येक औषधापुढे उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख असेल, प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल सोबत येईल, आणि ठरलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचा माल लेखी परवानगीशिवाय चालणार नाही. ‘तीच औषधी, कंपनी फक्त वेगळी’ असे म्हणून शेवटच्या क्षणी केलेली अदलाबदल मी तरी कधी स्वीकारली नसती, पण एकदा स्वीकारली आहे. त्याविषयी पुढे येईलच.

दर फारच कमी असेल, तर त्याचे कारण विचारावे. मुदत संपत आली म्हणून दर उतरवला असेल, तर ते कारण पट्टीवर छापलेले दिसते. जेथे कारण दिसत नाही, तेथे दर हाच पुरावा समजून ती खरेदी सोडून द्यावी.

फाटकावर

कारागृहातील माल स्वीकारण्याची पद्धत इतर दवाखान्यांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे आणि ती बाब फारशी कोणी विचारात घेत नाही. मुख्य फाटकावर प्रत्येक खोक्याची झडती होते. पहारेकरी खोका कापतो, हात घालून तंबाखू, मोबाइल, ब्लेड शोधतो आणि खोका आत सोडतो. म्हणजे औषध निर्माण अधिकाऱ्याच्या हाती येण्यापूर्वीच कंपनीचे सील तुटलेले असते, आणि ते फाटकावर तुटले की वाटेतच कोणी तोडले होते, हे नंतर सांगता येत नाही. म्हणून अधीक्षकांकडून लेखी आदेश काढून घ्यावा की औषधांचा खोका औषध निर्माण अधिकारी समोर असल्याशिवाय कापला जाणार नाही. त्याने आधी चिकटपट्टी, कंपनीचा छाप आणि खोक्यावरील बॅच क्रमांक पाहून घ्यावा, आणि मगच झडती व्हावी. झडती शिपायाने करायची आणि तपासणी आपण, पण दोन्ही एकाच टेबलावर झाली पाहिजेत.

तपासणी दिवसाउजेडी करावी. एका मोठ्या खोक्यातून वरचा, मधला आणि तळाचा असे तीन लहान डबे काढावेत, कारण भेसळ करणारा चांगला माल वर ठेवतो. डब्यावरचा बॅच क्रमांक, आतल्या पट्टीवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एकमेकांशी जुळवावेत. मग आधीच्या खरेदीतील त्याच कंपनीची जुनी पट्टी शेजारी ठेवून दोन्ही सावकाश पाहाव्यात. अक्षरांची जाडी, लाल रेषेची छटा, औषधाच्या नावातील एखादे चुकलेले अक्षर, परवाना क्रमांकाची जागा यांत फरक दिसतो. बॅच क्रमांक आणि तारखा सहसा पट्टीची मूळ छपाई झाल्यानंतर वेगळ्या उमटवलेल्या असतात. बोटाने चोळल्यावर त्या पुसट होत असतील किंवा मूळ छपाईच्याच शाईत असतील, तर ती पट्टी बाजूला ठेवावी. फॉइलच्या कडेवरचे चौकटींचे ठसे खऱ्या पट्टीवर सारख्या खोलीचे असतात. नकली पट्टीवर ते एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम उमटलेले आढळू शकतात. गोळीच्या कडा तुटलेल्या आहेत का, दहा गोळ्यांचे वजन जुन्या दहा गोळ्यांशी जवळपास जुळते का, हेही पाहावे. त्यासाठी साधा डिजिटल काटा पुरतो. ही सारी लक्षणे संशयापुरती आहेत. डोळ्यांना निर्दोष वाटलेली गोळीही बनावट असू शकते, आणि विचित्र दिसणारी खरी असू शकते.

१ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ठरावीक ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यात औषधाचे मूळ नाव, ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, तसेच उत्पादन परवाना क्रमांक असतो. कोड उघडला म्हणजे औषध खरे, असे मानू नये, कारण कोडचीही नक्कल छापता येते. त्यातून निघालेला बॅच क्रमांक पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहायचे असते. सरकारी पुरवठ्याची बरीचशी औषधे या तीनशेंमध्ये येत नाहीत, म्हणून केवळ कोड नाही एवढ्यावरून माल परत पाठवू नये. राहिला प्रश्न मोबाइलचा. तो फाटकावर जमा करावा लागतो, त्यामुळे आत गेल्यावर कोड वाचायला साधनच उरत नाही. कार्यालयाच्या संगणकाला जोडलेला एक साधा स्कॅनर यावर पुरेसा आहे, आणि त्याच्या खरेदीचा प्रस्ताव अधीक्षक सहसा अडवत नाहीत.

‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असलेले डॉक्टरांचे नमुने किंवा दुसऱ्याच राज्याच्या सरकारी पुरवठ्याचा शिक्का खोडलेला माल दिसला, तर औषध खरे असले तरी तो स्वीकारू नये. जो पुरवठादार असा माल आणतो, त्याच्या बाकीच्या खोक्यांवर विश्वास ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

माझी एक चूक

वर ज्या अदलाबदलीचा उल्लेख केला ती एका जुलैतल्या संध्याकाळी झाली. पाऊस धो धो पडत होता, खोके भिजून मऊ झाले होते, वीज गेलेली होती. कंपनी वेगळी आहे हे मला दिसले, पण गोळ्या हव्याच होत्या, म्हणून नुसती मोजदाद करून सही केली. डब्यांवरची ओली लेबले पुसट झाली होती, तेव्हा नोंदवहीत बॅच क्रमांकाच्या रकान्यात बिलावरचाच क्रमांक उतरवला. पुढच्या आठवड्यात गोळ्या फोडताना चुरा होऊ लागला आणि मी शेऱ्यात ‘सर्द’ असे लिहिले. काही रुग्णांचा रक्तदाब उतरेना, तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मात्रा वाढवली. कोणाला संशय येईपर्यंत त्या मालातील बहुतेक पट्ट्या वाटून झाल्या होत्या, आणि उरलेल्या पट्ट्यांची बॅच छापलेली टोके आधीच कापून गेलेली होती. पुरवठादार आला, दिलगिरी व्यक्त करून उरलेला माल घेऊन गेला आणि नवा देऊन गेला. त्या गोळ्या बनावट होत्या की खरोखरच सर्द झाल्या होत्या, हे मला आजही सांगता येत नाही. ते कळण्याचे सर्व मार्ग मी स्वतःच्या हाताने बंद केले होते.

कपाटातून तळहातापर्यंत

कारागृहात सुरक्षेच्या कारणास्तव बंद्याला बहुधा अख्खी पट्टी देत नाहीत. गोळी सुटी करून हातावर ठेवतात. ही पद्धत बदलता येणार नाही, पण पट्टी कोठून कापायची हे आपल्या हातात आहे. बॅच क्रमांक आणि मुदत ज्या टोकाला आहे, ते टोक नेहमी शेवटी राहील अशा रीतीने कापावे. बराकीनिहाय वाटपासाठी कागदी पाकिटे वापरत असतील, तर प्रत्येक पाकिटावर औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक पेनने लिहावा. वाटपाच्या वहीत बंदी क्रमांक, औषध, मात्रा यांच्या जोडीला बॅचचा रकाना असावा. एका वेळी एका औषधाची एकच बॅच उघडावी, म्हणजे हा रकाना भरणे कंटाळवाणे होत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी अनुसूची एच-१ मधील औषधे वेगळ्या नोंदवहीत लिहिण्याची आणि ती नोंदवही तीन वर्षे जपण्याची जी शिस्त औषधविक्रेत्यांना घालून दिलेली आहे, तीच कारागृहात पाळावी. या गोळ्यांना बराकीत चोरटा भाव असतो, आणि खऱ्या गोळ्या काढून तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गोळ्या भरण्याचा मोह आतल्या माणसालाही होऊ शकतो.

प्रत्येक बॅचची एक अखंड पट्टी आणि तिचा डबा वेगळ्या, कुलूपबंद खणात ठेवावा आणि ती बॅच संपल्यानंतरही निदान तीन महिने तेथेच राहू द्यावा. रिकाम्या कुप्या, डबे आणि लेबले भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नयेत. कुप्या फोडून आणि लेबले फाडून जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार त्यांची विल्हेवाट लावावी, कारण खऱ्या कंपनीची रिकामी कुपी हे बनावटगिरी करणाऱ्यासाठी आयते वेष्टन असते.

‘सर्द’ ही सबब बंद करायची, तर भांडार खरोखर कोरडे ठेवावे लागते. जुन्या दगडी भिंतींना ओल येते, म्हणून कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच असावीत. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे यंत्र टांगून दिवसातून दोनदा नोंद करावी. इन्सुलिनसारखी औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहतात की नाही याची नोंद वीज गेल्यावर विशेष काळजीने करावी. नोंदी हाताशी असल्या, तर चुरा होणाऱ्या गोळीविषयी ‘भांडारात ओल नव्हती, तेव्हा दोष मालातच आहे’ असे ठामपणे म्हणता येते.

नातेवाईक मुलाखतीला येताना औषधे घेऊन येतात, काही वेळा न्यायालयाचा आदेशही सोबत असतो. सुट्या गोळ्या, कापलेल्या पट्ट्या, बिलाशिवायची औषधे स्वीकारू नयेत, पण आईला फाटकावरून नुसते परतही पाठवू नये. डॉक्टरांची चिठ्ठी ठेवून घ्यावी, ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी आणि तेच औषध शक्यतो आपल्या साठ्यातून किंवा पडताळलेल्या विक्रेत्याकडून द्यावे. बाहेरचेच औषध देणे भाग असेल, तर सीलबंद डबा, बॅच क्रमांक असलेले बिल आणि विक्रेत्याचे नाव यांची नोंद करून ते त्या बंद्याच्या नावे वेगळे ठेवावे, सामायिक साठ्यात मिसळू नये.

संशय आल्यावर

ज्या क्षणी संशय येईल, त्या क्षणी त्या बॅचचे वाटप थांबवावे, बराकींत गेलेली पाकिटे परत मागवावीत आणि सर्व माल मोजून, सील करून, दोन सह्यांनिशी वेगळ्या कपाटात ठेवावा. पुरवठादाराला तो परत देऊ नये. बदलून देतो असे तो हमखास म्हणतो, ते ऐकायला सोयीचेही असते, पण माल गेला की पुरावा गेला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ते औषध घेणाऱ्या प्रत्येक बंद्याची तपासणी करून दुसऱ्या बॅचचे औषध सुरू करावे आणि औषध का बदलले हे त्याला सरळ सांगावे.

त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला अधीक्षकांमार्फत लेखी कळवावे. प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे. औषध निरीक्षक वर सांगितलेल्या १९४० च्या अधिनियमाच्या कलम २३ मधील पद्धतीने नमुना घेतो, त्याचे भाग करून सील करतो आणि एक भाग शासकीय विश्लेषकाकडे पाठवतो. त्याला देण्यासाठी अखंड पट्ट्या पुरेशा संख्येने लागतात, म्हणूनच शेवटच्या पट्टीपर्यंत थांबू नये. कलम २६ अन्वये औषधाचा खरेदीदारही शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. निरीक्षकाने विचारल्यास माल कोणाकडून आला हे सांगणे कलम १८ अ नुसार बंधनकारक आहे, तेव्हा बिले आणि चलने फाइलमध्ये तयार असावीत. औषधाने अपाय झाल्याचे दिसत असेल, तर राष्ट्रीय औषध सतर्कता कार्यक्रमाच्या १८०० १८० ३०२४ या क्रमांकावरही कळवता येते. ज्या बनावट औषधामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा होते, त्याच्या गुन्ह्यात कलम २७ नुसार किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड आहे. बॅच क्रमांकाचा धागा तुटलेला असेल, तर असा खटला उभा राहणे फार कठीण जाते.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला अप्रमाणित ठरलेल्या औषधांची यादी बॅच क्रमांकांसह प्रसिद्ध करते. ती छापून भांडारात लावावी आणि साठा नोंदवहीशी ताडून पाहावी. त्याखेरीज दर तीन महिन्यांनी एक चाचणी घ्यावी. अधीक्षकांनी नोंदवहीतून कोणताही एक बॅच क्रमांक निवडायचा आणि औषध निर्माण अधिकाऱ्याने तासाभरात तीन गोष्टी दाखवायच्या, त्या मालाचे बिल, राखून ठेवलेली अखंड पट्टी आणि ते औषध घेतलेल्या बंद्यांची यादी. पहिल्या चाचणीत यादी बहुधा अपुरी निघते. तेव्हा कोणत्या बराकीच्या वहीत बॅचचा रकाना रिकामा सुटला होता, हे शोधून त्या वाटप करणाऱ्या परिचारकाला तेथेच बसवून वही पुन्हा समजावून द्यावी.